फ्लेअरचा टीआर ६००० केला आणि सीएसएफ करडा झाला: टीआय किती ठेवायचा?

पांझराकाठ, धुळे

राम राम मंडळी. एमआरआयचे १.५ टेस्ला मशीन, १६ चॅनलची हेड कॉइल (डोक्याभोवती बसवून सिग्नल टिपणारा भाग). मेंदूच्या रूटीनमधला ॲक्सियल फ्लेअर (मेंदूतले पाणी, म्हणजे सीएसएफ, काळे करून डाग उजळ दाखवणारा सिक्वेन्स) आतापर्यंत असा होता:

टीआर (एका आवर्तनाचा वेळ) ९०००, टीई (इको वाचण्यापर्यंतचा वेळ) १२०, टीआय (उलटवणाऱ्या पल्सपासून ९० च्या पल्सपर्यंतचा वेळ) २४००, सगळे मिलिसेकंदांत; इको ट्रेन (एका शॉटमध्ये वाचलेले इको) १६, इको स्पेसिंग १० मिलिसेकंद, फेज लाइन १९२, बँडविड्थ १३० हर्ट्झ प्रति पिक्सेल, ५ मिमीच्या २२ स्लाइस, २ कॉन्कॅटिनेशन (म्हणजे स्लाइस दोन गटांत विभागून). वेळ ३ मिनिटे ३६ सेकंद.

शिरपूर, शहादा, साक्रीकडचे पेशंट वाढल्याने वेळ कमी करायचा होता. फक्त टीआर ९००० चा ६००० केला, बाकी कशालाही हात लावला नाही. वेळ २ मिनिटे २४ सेकंदांवर आला, पण लॅटरल व्हेंट्रिकलमधला (मेंदूतल्या पोकळीतला) सीएसएफ काळा राहिला नाही. तो जवळपास व्हाइट मॅटरइतकाच करडा दिसतो. व्हेंट्रिकलला लागून असलेल्या डागाची कड त्यात हरवते. विंडो बदलून उपयोग नाही, कारण सीएसएफ काळा केला की व्हाइट मॅटरही काळा होतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. टीआर ६००० ला चालेल असा टीआय आहे का? आणि हिपच्या स्टरमध्येही (फॅट काळी करणारा सिक्वेन्स) टीआर ४५०० चा ३००० केला आहे, टीआय १६० तसाच आहे, तिथे फॅट व्यवस्थित काळी राहते. मग फ्लेअरच का बिघडला?

केळीबाग, जळगाव

टीआय हा एकटा आकडा नसतो, तो टीआरशी बांधलेला असतो. प्रोटोकॉलच्या कागदावर दोन वेगळ्या रकान्यांत लिहिलेले असतात म्हणून ते वेगळे वाटतात, एवढेच.

१८० अंशांच्या पल्सने सीएसएफचे चुंबकन उलटे होते आणि ते हळूहळू शून्याकडे चढते. शून्यावरून जाताना ९० चा पल्स दिला की सीएसएफ काळा. पण ते किती खालून चढायला सुरुवात करते, हे आधीच्या टीआरमध्ये ते किती सावरले होते त्यावर ठरते. सीएसएफचा टी१, म्हणजे चुंबकन सावरण्याचा काळ, सुमारे ४००० मिलिसेकंद. ९००० मध्येसुद्धा तो पूर्ण सावरत नाही, ६००० मध्ये त्याहून कमी. कमी सावरलेले चुंबकन उलटवले तर कमी खोलवरून चढाई सुरू होते, म्हणून शून्य लवकर येते. तुम्ही २४०० लाच थांबलात तोवर सीएसएफ शून्य ओलांडून पुढे गेला होता.

हिशोब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. टीआरला टी१ ने भागा: ९००० भागिले ४०००, म्हणजे २.२५. ई चा उणे २.२५ घात काढा, ०.१०५ येईल. त्यात १ मिळवून नॅचरल लॉग घ्या, ०.१००. हा आकडा ०.६९३ मधून वजा करा, ०.५९३. त्याला ४००० ने गुणा. उत्तर साधारण २३७०.

हाच हिशोब वेगवेगळ्या टीआरला:

टीआर ११००० – टीआय २५२५
टीआर १०००० – टीआय २४५५
टीआर ९००० – टीआय २३७०
टीआर ८००० – टीआय २२६५
टीआर ७००० – टीआय २१३०
टीआर ६००० – टीआय १९६५

टर्बो स्पिन इकोमध्ये सावरणे शेवटच्या इकोनंतर सुरू होते, म्हणून हिशोबात टीआरमधून इको ट्रेनची लांबी वजा करून घ्यावी. ६००० ला अडीचशे मिलिसेकंदांची ट्रेन असेल तर टीआय आणखी ४५ ने खाली, म्हणजे १९२० च्या आसपास येतो.

सीएसएफ नेमका व्हाइट मॅटरइतका करडा का झाला, तेही आकड्यांत दिसते. टीआर ६००० आणि टीआय २४०० ला सीएसएफचे सुमारे साडेबारा टक्के चुंबकन परत आलेले असते. ऐकायला थोडे वाटते. पण सीएसएफचा टी२, म्हणजे सिग्नल विरण्याचा काळ, दोन हजारांच्या घरात आहे, त्यामुळे टीई १२० पर्यंत त्यातले जेमतेम सहा टक्के जाते. व्हाइट मॅटरचा टी२ ७५ च्या आसपास, त्याचा टीई १२० ला पाचवा हिस्साच उरतो, शिवाय त्यात प्रोटॉनही कमी. गुणाकार केला तर सीएसएफ ०.१२ आणि व्हाइट मॅटर ०.१३. म्हणून तुमची विंडो काही करू शकत नाही.

आता खरा प्रश्न. टीआर ६००० आणि टीआय १९२० केले तर सीएसएफ काळा होईल, पण मी तसे करणार नाही. टीआय खाली आणला की डागाचा सिग्नलही पडतो. डागाचा टी१ १२०० आणि व्हाइट मॅटरचा ६५० धरा. टीआय २३७० वरून १९५० वर आला की व्हाइट मॅटर पाच टक्के गमावतो आणि डाग पंधरा टक्के. ज्यासाठी फ्लेअर काढतो तीच गोष्ट फिकी पडते.

वेळ टीआरमधून नको, इको ट्रेनमधून काढा. वेळ म्हणजे टीआर गुणिले फेज लाइन भागिले इको ट्रेन गुणिले कॉन्कॅटिनेशन. तुमचे १९२ भागिले १६ म्हणजे १२ शॉट होते. ट्रेन २४ केली की ८ शॉट होतात. ९ सेकंद गुणिले ८ गुणिले २ बरोबर १४४ सेकंद, म्हणजे तेच २ मिनिटे २४ सेकंद, टीआर ९००० ठेवून.

यात एक अडचण हमखास येते, ती आधीच सांगतो. टीआयच्या मोकळ्या वेळात मशीन एकामागून एक सगळ्या स्लाइस उलटवते आणि मग त्याच क्रमाने वाचते. १० च्या स्पेसिंगने २४ इको म्हणजे २४० आणि वर थोडा वेळ, एका स्लाइसला सुमारे २५५. २३७० मध्ये अशा ९ च स्लाइस बसतात. तुम्हाला प्रत्येक कॉन्कॅटिनेशनमध्ये ११ हव्यात. काही मशीन त्याच टीआरमध्ये दोन तुकड्या करून घेतात, काही सरळ तिसरे कॉन्कॅटिनेशन मागतात आणि वाचवलेला वेळ परत जातो. म्हणून बँडविड्थ १३० वरून २०० करा. इको स्पेसिंग ८ च्या आसपास येईल, एका स्लाइसला २०७ लागतील आणि ११ बसतील. सिग्नल आणि नॉइजचे गुणोत्तर साधारण २० टक्के पडेल. १६ चॅनलच्या कॉइलवर ५ मिमी स्लाइसला ते सोसते. लांब ट्रेनमुळे थोडा धूसरपणा येतो, पण टीई १२० ला तो फार जाणवत नाही. टीई १५ च्या प्रोटॉन डेन्सिटीला एवढी ट्रेन अजिबात लावू नका.

सातपुडा, नंदुरबार

स्टरचे मी लिहिते. वरचाच हिशोब फॅटला लावा. १.५ टेस्लावर फॅटचा टी१ २५० च्या आसपास. टीआर ३००० म्हणजे टी१ च्या बारा पट. ई चा उणे १२ घात म्हणजे शून्यच. फॅट ३००० मध्येही पूर्ण सावरते आणि ४५०० मध्येही, म्हणून तिचा शून्यबिंदू हलत नाही. प्रत्यक्षात १५० ते १७५ मध्ये कुठेतरी तो सापडतो, तुमचा १६० ठीक आहे.

पण फॅट काळी राहिली म्हणून स्टर चांगला आहे असे समजू नका दादा. टीआर ४५०० चा ३००० केल्याने सांध्यातल्या पाण्याचा सिग्नल, टी१ ४००० धरला तर, पावभर कमी झाला आहे. हाडातल्या सुजेचा टी१ १२०० धरला तर तिचे नुकसान आठेक टक्के. थोडक्यात एफ्युजन आधीपेक्षा कमी उजळ दिसेल, आणि जुन्या फिल्मशी तुलना करताना 'पाणी कमी झाले' असा चुकीचा अर्थ निघू शकतो. फॉलोअपच्या पेशंटला टीआर बदलायचाच नाही. टीई ४० ते ६० मध्ये ठेवा.

आपल्याकडे हिपचा स्टर कशासाठी निघतो ते लक्षात घेऊन पुढचे लिहिते. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा भागातून सिकल सेलचे पेशंट कंबर किंवा जांघ दुखते म्हणून येतात. फेमरच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटला आहे का, एवढे बघायचे असते. दोन्ही हिप एकाच ३८ सेंटिमीटरच्या एफओव्हीत (चित्रात येणाऱ्या भागात) घ्या, कारण दुसऱ्या बाजूला न दुखणारा आजार असू शकतो. कोरोनल टी१ आणि कोरोनल स्टर ही जोडी कधीच सोडू नका. टी१ मध्ये फेमरच्या डोक्यात नागमोडी काळी रेघ आणि तिच्या आत फॅटसारखा उजळ भाग हे जुने, ठरलेले चित्र. टी२ मध्ये त्याच रेघेला आतून उजळ किनार दिसते.

एवढ्या मोठ्या एफओव्हीत स्टरऐवजी फॅट सॅट (फ्रिक्वेन्सीवरून फॅट दाबणे) का नको, हा प्रश्न वारंवार येतो. १.५ टेस्लावर फॅट आणि पाण्यात सुमारे २२० हर्ट्झचेच अंतर असते. दोन्ही हिप धरून एवढ्या रुंदीत शिमिंग (चुंबकीय क्षेत्राची जुळवणी) एकसारखे राहत नाही. कडेला फॅट उजळ राहते, किंवा त्याहून वाईट म्हणजे पाणीच दाबले जाते. स्टर टी१ वर चालतो, त्याला शिमची फारशी पर्वा नाही. हिपमध्ये स्क्रू किंवा प्लेट असेल तेव्हा तर स्टरच.

सिकल सेलमध्ये टी१ वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. रक्त बनवणारी लाल मज्जा वाढलेली असते, त्यामुळे मोठ्या माणसाच्या हाडातही मज्जा टी१ मध्ये गडद दिसते. शेजारच्या स्नायूशी तुलना करा. स्नायूपेक्षा थोडी तरी उजळ असेल तर लाल मज्जेची शक्यता जास्त. दुसरे, ज्यांना वारंवार रक्त चढवले आहे त्यांच्या मज्जेत लोह साठते. लोहाने टी२ आणि टी२ स्टार दोन्ही आखूड होतात, मज्जा टी१ मध्येही काळी आणि स्टरमध्येही काळी. तिथे सूज असली तरी झाकली जाते. शंका आली तर वीस सेकंदांचा इन फेज–अपोज्ड फेज (फॅट आणि पाण्याचे सिग्नल एकदा मिळून, एकदा परस्परविरुद्ध) काढा. १.५ टेस्लावर अपोज्ड २.३ ला आणि इन फेज ४.६ ला. फॅट मिसळलेली मज्जा अपोज्डमध्ये पडते. लोह असेल तर उलट होते, उशिराच्या इकोला म्हणजे इन फेजमध्ये पडते.

आणि गॅडोलिनियम (कॉन्ट्रास्टचे औषध) दिल्यानंतर स्टर नको. औषधाने ज्या भागाचा टी१ आखूड होऊन फॅटच्या जवळ येतो तोच भाग स्टर काळा करतो. म्हणजे ज्याला उजळ दाखवायचे तेच गायब. याच कारणाने स्टरमध्ये काळे झाले म्हणून ते फॅटच, असेही म्हणता येत नाही. मेथेमोग्लोबिनवाले जुने रक्त, दाट प्रथिने हीही दाबली जातात.

तापीकाठ, भुसावळ

हिशोब बरोबर आहे, पण फ्लेअरमध्ये पांढरा सीएसएफ दिसला की प्रत्येक वेळी टीआयवर जाऊ नका. आधी तो कुठे पांढरा आहे ते बघा.

लॅटरल व्हेंट्रिकलचा मधला भाग, जिथे सीएसएफ जवळजवळ स्थिर असतो, तोच सगळ्या स्लाइसमध्ये करडा असेल तर टीआय–टीआरचे गणित चुकले आहे. पांझराकाठ यांचे हेच आहे. फक्त पॉन्ससमोर, चौथ्या व्हेंट्रिकलमध्ये किंवा मॉन्रोच्या छिद्रापाशी पांढरे पट्टे असतील तर तो प्रवाह आहे. न उलटवलेला ताजा सीएसएफ स्लाइसमध्ये शिरतो. त्यावर उपाय म्हणजे उलटवणाऱ्या पल्सची जाडी स्लाइसच्या दीडपट ते दुप्पट ठेवणे. म्हणूनच २ कॉन्कॅटिनेशन लागतात, आधी विषम स्लाइस, मग सम. वेळ वाचवायला कोणी १ केले तर जाड इन्व्हर्जन शेजारच्या स्लाइसलाही लागतो आणि सगळा कॉन्ट्रास्ट गढूळ होतो.

फक्त सल्कसमधला (मेंदूच्या पृष्ठभागावरच्या खाचांमधला) सीएसएफ पांढरा आणि व्हेंट्रिकल काळे असतील तर मशीनला दोष देऊ नका, पेशंटकडे बघा. सबॲरॅक्नॉइड रक्तस्राव, मेनिंजायटिस, यांत प्रथिने आणि पेशींमुळे सीएसएफचा टी१ आखूड होतो आणि तो शून्यावर सापडत नाही. पेशंटला मास्कने किंवा व्हेंटिलेटरवर भरपूर ऑक्सिजन चालू असेल तरीही असेच दिसते, कारण विरघळलेला ऑक्सिजन टी१ आखूड करतो. त्यामुळे ऑक्सिजन चालू होता हे रिक्वेस्ट फॉर्मवर लिहून रेडिओलॉजिस्टला कळवणे हे टेक्निशियनचे काम. एका बाजूच्या टेम्पोरल भागात किंवा कपाळामागेच पांढरे दिसले तर दातांच्या तारा, हेअरपिन तपासा. धातूजवळ इन्व्हर्जन पल्सची फ्रिक्वेन्सीच जुळत नाही.

टीआय स्वतः तपासायचा असेल तर: व्हेंट्रिकलमधून एकच स्लाइस, मॅट्रिक्स १२८, टीआर जो वापरायचा तोच. टीआय १०० च्या पायऱ्यांनी बदलत जा. इको ट्रेन १६ असेल तर ९००० ला एका फेरीला ७२ सेकंद लागतात. पाच फेऱ्या पुरतात, २१५० ते २५५०. व्हेंट्रिकलमध्ये लहान आरओआय (मोजणीचा गोल) ठेवून सरासरी लिहा. मॅग्निट्यूड इमेजमध्ये आकडे खाली येऊन परत वर जातात, तळ जिथे तिथे टीआय. प्री-स्कॅन एकदाच करा आणि पुढच्या फेऱ्यांना गेन लॉक ठेवा, नाहीतर प्रत्येक वेळी रिसीव्हर बदलून आकडे निरर्थक होतात.

ही चाचणी पाण्याच्या बाटलीवर करू नका. पाण्याचा टी१ तापमानाबरोबर वाढतो. २२ अंशांच्या मॅग्नेट रूममधल्या बाटलीचा टी१ ३७ अंशांच्या सीएसएफपेक्षा कमी. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४५ अंश असताना गाडीतून आणलेली बाटली लगेच कॉइलमध्ये ठेवली तर ती स्कॅन चालू असतानाच गार होत जाते आणि पहिल्या व शेवटच्या फेरीत वेगळाच टी१ मिळतो.

पांझराकाठ, धुळे

सगळ्यांचे आभार. टीआर ९०००, टीआय २३५०, ट्रेन २४, बँडविड्थ २०० असे लावले, मशीनने २ कॉन्कॅटिनेशनमध्ये २२ स्लाइस घेतल्या. स्टरचा टीआर परत ४५०० केला.

याच रूटीनमधला टी१ स्पिन इकोही सपाट वाटतो. प्रोटोकॉलवर टीआर ५०० आहे, पण काही पेशंटच्या इमेजवर ८८० ते ९०० छापून येतो. ग्रे–व्हाइट फरक कमी दिसतो. आणि टी१ फ्लेअर नावाचा जो सिक्वेन्स मशीनवर आहे त्यात टीआर २००० आणि टीआय ८६० दिसतो. सीएसएफचा टीआय २३०० च्या पुढे म्हणता, मग ८६० ला सीएसएफ काळा कसा?

केळीबाग, जळगाव

तोच हिशोब २००० ला करून बघा. २००० भागिले ४००० म्हणजे ०.५. ई चा उणे ०.५ घात ०.६०७, त्यात १ मिळवून लॉग ०.४७४, ०.६९३ मधून वजा ०.२१९, गुणिले ४०००. उत्तर ८७५. ट्रेनची लांबी वजा केली की तुमच्या ८६० च्याही थोडे खाली येते. इतक्या लहान टीआरला सीएसएफ जेमतेम सावरतो, म्हणून त्याचे शून्य इतक्या लवकर येते. आणि त्या वेळी व्हाइट मॅटर बराच वर आलेला असतो, ग्रे मॅटर त्याच्या मागे. म्हणून टी१ कॉन्ट्रास्ट ठसठशीत मिळतो. नावात फ्लेअर दोन्हीकडे आहे, पण एक टी२ चे चित्र आणि दुसरे टी१ चे.

गिरणा, चाळीसगाव

टीआर ५०० चा ९०० होण्याचे कारण जवळपास नेहमी दोनपैकी एक असते. स्लाइस वाढवल्या, किंवा एसएआरची (शरीरात शोषल्या जाणाऱ्या रेडिओ ऊर्जेची) मर्यादा लागली. मोठ्या डोक्याच्या पेशंटला कोणी २२ च्या २६ स्लाइस केल्या की मशीन विचारते आणि घाईत ओके दाबले जाते. वजन चुकीचे भरले तरी एसएआरचा हिशोब बिघडतो, म्हणून नोंदणीत अंदाजे ६० किलो टाकायची सवय सोडा. काट्यावर वजन करा.

नुकसान किती ते ढोबळ काढून दाखवतो. टीई १०, व्हाइट मॅटरचा टी१ ६५०, ग्रे मॅटरचा ९५०, प्रोटॉन डेन्सिटी ०.७ आणि ०.८ धरली. टीआर ५०० ला व्हाइट मॅटर ग्रेपेक्षा १२ टक्के उजळ. ९०० ला फक्त ४ टक्के. लांब टीआरला दोघेही सावरतात आणि ग्रेमधले जादा प्रोटॉन उरलेला फरक खाऊन टाकतात.

उपाय: टीआर ५०० वर लॉक करा आणि जादा स्लाइससाठी कॉन्कॅटिनेशन २ होऊ द्या. वेळ दुप्पट होतो, पण ५०० च्या टीआरला तो परवडतो. एसएआरमुळे अडत असेल तर रिफोकसिंग पल्स १८० चा १५० करा. पल्सची ऊर्जा कोनाच्या वर्गाने बदलते, म्हणजे तीस टक्के तिथेच वाचते, आणि चित्रात फारसा फरक पडत नाही. टी१ साठी टर्बो वापरत असाल तर ट्रेन ३ च्या वर नेऊ नका. उशिराचे इको टी२ मिसळतात. टीई १५ च्या वर गेला की तेच.

गॅडोलिनियमच्या आधीचा आणि नंतरचा टी१ एकाच टीआरला हवा, हे वेगळे सांगतो. आधीचा ५०० ला आणि नंतरचा ९०० ला छापून आला असेल तर उजळलेला भाग औषधाने उजळला की टीआरने, हे कोणालाच सांगता येणार नाही. इमेजच्या कोपऱ्यातला टीआर दोन्हीकडे जुळतो का, हे पेशंटला टेबलावरून उतरवण्याआधी बघा.

सातपुडा, नंदुरबार

एक भर. ३ टेस्लावर पाठवलेल्या पेशंटची फिल्म तुलना करायला आली तर हे आकडे तसेच लावू नका. फॅटचा टी१ तिथे लांबतो, स्टरचा टीआय २०० ते २२० च्या आसपास जातो. ग्रे आणि व्हाइट मॅटरचे टी१ दोन्ही लांबून जवळ येतात, साधा टी१ स्पिन इको तिथे आणखी सपाट दिसतो, म्हणून मेंदूसाठी टी१ फ्लेअर किंवा थ्रीडी ग्रेडिएंट इको वापरतात. सीएसएफचा टी१ मात्र फारसा हलत नाही, त्यामुळे टी२ फ्लेअरचा टीआय वरच्या यादीच्या जवळपासच राहतो. इन फेज–अपोज्डचे टीई मात्र निम्मे होतात, १.१५ आणि २.३. १.५ टेस्लावर जो २.३ अपोज्ड होता तोच तिथे इन फेज असतो, फिल्म वाचताना इथे गल्लत होते.

पांझराकाठ, धुळे

टी१ चा टीआर लॉक केला. प्रोटोकॉलची नावेही बदलली: 'फ्लेअर ९०००–२३५०', 'स्टर ४५००–१६०', 'टी१ ५००'. पुढच्या शिफ्टमध्ये कोणी टीआर बदलला तर नाव आणि इमेजवरचा आकडा जुळणार नाही, लगेच लक्षात येईल.